सवलतीचे गिऱ्हाईक आणि ग्रंथाचा वाचक

मराठी माणूस पुस्तके विकत घेत नाही, ही ओरड आम्ही सेमिनरीत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. संमेलनाच्या व्यासपीठावरून ती होते, ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत होते, आणि आता धर्मग्रामाच्या बैठकीतही होऊ लागली आहे. आम्हांला ती पुरती मान्य नाही. मराठी माणूस पुस्तके घेतो. घरात नवे कपाट आले की घेतो, शहरात प्रदर्शन लागले की घेतो, कोणाला काय भेट द्यावी हे सुचेनासे झाले की हमखास घेतो. आमची तक्रार निराळी आहे आणि आमच्या मते ती अधिक गंभीर आहे. तो पुस्तक न उघडता घेतो. कोणते घ्यावे हा निर्णय त्याच्या वतीने दुसराच कोणीतरी करून टाकतो. तो केवळ पैसे मोजतो.

आम्ही हे जानेफळहून लिहीत आहोत. मेहकर तालुक्यातील हे शेतकऱ्यांचे गाव. सोयाबीन, कापूस आणि तूर यांवर येथील वर्ष उभे राहते. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवले असेल तर पेरणीपूर्वी जाणता शेतकरी काय करतो, हे आमच्या वाचकांतील पुष्कळांना सांगावयास नको. तो पोत्यातून शंभर दाणे मोजून काढतो, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, तिच्यावर पाणी शिंपडत राहतो, आणि आठवडाभराने गुंडाळी उलगडून मोड आलेले दाणे मोजतो. सत्तर उगवले तर बियाणे चांगले. त्याखाली गेले तर एकरी बियाणे वाढवावयाचे. फारच घसरले तर ते बाजूला सारावयाचे. पोत्यावरचे हिरवेगार चित्र पाहून पेरणी करणाऱ्याला गाव हसते. परंतु हाच शेतकरी, त्याचा शिक्षक झालेला मुलगा आणि त्या मुलाची पदवीधर पत्नी पुस्तकांच्या मांडवात शिरली, म्हणजे पोत्यावरचे चित्र पाहूनच खरेदी करून बाहेर पडतात. त्यांना मात्र कोणी हसत नाही.

पुस्तक घेणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ती सवलत. मांडवाच्या दारावर तिचा आकडा लेखकाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. पन्नास टक्के सवलतीचे पुस्तक आपल्याला स्वस्त पडले असे समजणाऱ्याने एवढा तरी विचार करावा, की ज्याने किंमत छापली त्यानेच सवलतही दिली आहे. वितरकाचे आणि विक्रेत्याचे कमिशन, आणि लेखकाचे मानधन (छापील किमतीच्या साधारण दहा ते पंधरा टक्के, तेही मिळाले तर) हे सारे त्याच किमतीतून जायचे असते. इतके वजा जाऊन ज्याला निम्मी किंमत सोडून देणे परवडते, त्याने ती आधीच फुगवून छापलेली असते, नाहीतर न खपलेला ढीग त्याला हलवावयाचा असतो. शहरांतून तर किलोच्या भावाने पुस्तके विकण्याची प्रदर्शने भरतात. कांदे वजनाने घ्यावेत यात गैर काही नाही. पण कांदा घेतानाही आमची गृहिणी तो दाबून पाहते.

सवलतीने खासगी घराची जेवढी हानी होते तिच्या कितीतरी पट सार्वजनिक ग्रंथालयांची होते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली, ही या राज्याला भूषणावह गोष्ट आहे. शासनमान्य ग्रंथालयांची संख्या आज अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. दुसरीकडे मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वापार हजार-अकराशे प्रतींची असे. आता ती पाचशेवर आणि त्याहूनही खाली आली आहे. वाचकहो, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहा. दहा ग्रंथालयांतून एकाने जरी एखादे चांगले पुस्तक घ्यावयाचे ठरवले, तरी अन्य कोणी न घेता त्याची आवृत्ती संपून जाईल. ती संपत नाही. मग अनुदानाच्या पैशांतून घेतले जाते तरी काय? मार्चअखेर आला की पुरवठादार यादी घेऊन येतो. कोणते पुस्तक याची चौकशी न होता किती टक्के याची होते. आणि कधी लेखकाचे नावही धड ऐकू न आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे दाखल नोंदवहीत चढतात. प्रामाणिक ग्रंथपाल जागोजाग आहेत आणि तुटपुंज्या मानधनावर ते जे करतात त्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण गावातला वाचक जर कधी ग्रंथालयात जाऊन 'हे पुस्तक मागवा' असे म्हणतच नसेल, तर त्या ग्रंथपालाने कोणाच्या बळावर पुरवठादाराला नाही म्हणावे?

सवलतीच्या खालोखाल मान असतो तो नावाला आणि पारितोषिकाला. पारितोषिकाशी आमचे वैर नाही. परंतु पारितोषिकही वाचकाला वाचनाकडे नेतेच असे नाही, याचा पुरावा आमच्या तालुक्यातच आहे. कविवर्य ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) मेहकरचे. वकिली करीत त्यांनी आपले आयुष्य तेथेच काढले. त्यांचे एक गीत जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर निघाले आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जण तेथून मोजतात. 'शीळ' हा त्यांचा संग्रह १९५४ चा. 'खूणगाठी' या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव येथे सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांना त्यांचा अभिमानही आहे. आता प्रत्येकाने आपापल्या घरातील कपाट उघडून पाहावे. अभिमान वाटण्यास पुस्तक लागत नाही, ही सोय आपण फार लवकर ओळखली.

आमच्या समाजात आणखी एक खास सवय आहे. आपण पुस्तकावरचा पंथ पाहतो. पुस्तक 'आपले' की 'त्यांचे', एवढे कळले की निवड झाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ख्रिस्ती धर्माशी काही कर्तव्य नाही अशा लक्षावधी मराठी माणसांनी ते पुस्तक डोक्यावर घेतले, शाळांनी त्यातले उतारे लावले. धर्मांतराने फाटलेला आणि पुन्हा सांधलेला एक संसार त्या माउलीने ज्या सरळ, विनोदी आणि निर्भय मराठीत सांगितला, तशी मराठी फार थोड्यांना साधली आहे. पण कितीतरी कॅथलिक घरांतून ते नाही. कारण काय, तर टिळक पतिपत्नी प्रॉटेस्टंट. उलट बाजूही अशीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली राजहंस प्रकाशनाने, म्हणजे चर्चबाहेरच्या एका प्रकाशनसंस्थेने, काढले. त्यातील नव्या कराराच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि फादर २०२० साली उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा आपण सत्कार केले, शाली दिल्या, छायाचित्रे काढली. २०२४ साली फादर निवर्तले तेव्हा श्रद्धांजली वाहिली. पुस्तक किती घरांनी घेतले, हे ज्याचे त्याने आपल्या घरापुरते सांगावे.

पवित्र शास्त्राचा विषय निघालाच आहे तर एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. बायबल घेतानाही आपण जाडी, कव्हर आणि सोनेरी कडा पाहतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबित, यूदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन ही सात पुस्तके त्यात आहेत की नाहीत, हे अनुक्रमणिका उघडताच अर्ध्या मिनिटात कळते. ६६ पुस्तकांची प्रत घरात असण्यास आमची हरकत नाही. तीही देवाचीच वाणी आहे. पण मिस्सेत बेनसिराचे वाचन झाल्यावर घरी जाऊन ते शोधणाऱ्या आजीबाईंना ते सापडू नये, आणि दोष आपल्या चष्म्याचा आहे असे त्यांना वाटावे, हे काही बरे नाही.

पुस्तके महाग झाली आहेत, हे उत्तर आता आमच्या तोंडावर फेकले जाईल. ते खोटे नाही. तीनशे रुपये ही रोजंदारीवरच्या कुटुंबाला मोठी रक्कम आहे आणि त्या कुटुंबाला उपदेश करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. पण हे उत्तर त्या कुटुंबाकडून येतच नाही. ज्यांच्या घरी बारशाला मांडव पडतो, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी केकवर मुलाचे छायाचित्र उमटते आणि दर महिन्याला चार मोबाईलचे रिचार्ज विनातक्रार भरले जातात, त्यांच्याकडून ते येते. त्या दिवशी त्या मुलाला जी पाकिटे मिळतात त्यांतील एकाच्या जागी त्याला वाचता येईल असे एक मराठी पुस्तक का नसावे? पुस्तक महाग आहे म्हणून तर ते पारखून घ्यावे. आम्ही हेच म्हणत आहोत.

किंमत हे कारण किती वरवरचे आहे, हे याच बुलढाणा जिल्ह्यातील एका पुस्तकाने दाखवून दिले आहे. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक विचाराचे होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिने ताराबाईंना लेखणी उचलावयास लावले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ज्या दुर्गुणांसाठी स्त्रियांना दूषण देता ते पुरुषांत नाहीत काय, हा प्रश्न एका वऱ्हाडी बाईने इतक्या रोखठोक मराठीत विचारला, की वाचणारा आजही चपापून जातो. त्या काळी त्यावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. त्यानंतर त्या पुस्तकाविषयी कोणी फारसे बोलले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पुढे १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून पुढे आणले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. या त्र्याण्णव वर्षांत बुलढाण्यात शिकलेल्या मुलींना आपल्याच गावच्या एका बाईने आपल्यासाठी काय लिहून ठेवले आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. पुस्तकाला संपवण्यासाठी सरकारी हुकूम लागला नाही, धर्मपीठाची आज्ञा लागली नाही. दुसऱ्यांदा छापा असे म्हणणारे गिऱ्हाईक नव्हते, एवढे पुरले.

याच्या शेजारी आपल्या क्रिस्तपुराणाची कथा ठेवून पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तेथेच राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनीच त्यांना गळ घातली, की आमची जुनी पुराणे गेली, आता वाचावे काय? आम्हांला आमच्या भाषेत दुसरे द्या. ही हकीकत त्या ग्रंथातच आहे. म्हणजे या ग्रंथाच्या जन्माला आधी वाचकाची मागणी झाली आणि मग लेखकाची लेखणी चालली. १६१६ साली ते राशोल येथे छापले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. छापील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ मेला नाही. गोवा सोडून मंगळुराकडे गेलेल्या कुटुंबांनी तो हाताने उतरून काढला, घराघरांतून वाचला, मुलांना वारसा म्हणून दिला. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे तो रोमन लिपीत छापला, १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला, आणि १९९६ साली फादर कारिदाद द्राग यांनी तो आजच्या मराठी गद्यात दिला. सुमारे अकरा हजार ओव्या हाताने उतरून घेणाऱ्याला 'वेळ कुठे आहे?' असे विचारून पाहावयास हवे होते.

हुकूम निघूनही एक ग्रंथ जगला आणि कोणताही हुकूम नसताना दुसरा त्र्याण्णव वर्षे दडपला गेला. दोन्ही ठिकाणी निकाल वाचकांनीच लावला. म्हणून आम्ही म्हणतो की पुस्तक घेण्याचा निर्णय सवलतीच्या पाटीवर सोपवण्याइतका क्षुल्लक नाही. हे काही ताराबाईंच्या काळापुरते नाही. १९७०-८० च्या दशकांत ग्रंथालीसारख्या वाचक चळवळीने सभासद वाचक जमवले, त्यांना परवडेल अशा किमतीत पुस्तके दिली, आणि त्याच बळावर दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) व लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. जी माणसे त्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहत, त्यांचे आत्मकथन दिवाणखान्यात जाऊन बसले. सवलत तेथेही होती. पण तेथे ती वाचकाच्या मागून आली.

घरात कोणते पुस्तक असावे, याला कधीकधी कल्पनेपलीकडचा अर्थ येतो. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक तिशीचा सरदार लोयोलाच्या वाड्यात महिनोन्‌महिने खिळून पडला होता. वेळ जावा म्हणून त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होती ती दोन पुस्तके: सॅक्सनीच्या लुडॉल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा संग्रह. नाइलाज म्हणून त्याने ती वाचली, आणि पुढे जे झाले ते येशूसंघाच्या रूपाने जगापुढे आहे. प्रवचनांतून संत इग्नेशियसच्या परिवर्तनाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आमच्या मनात मात्र नेहमी येते, की ती दोन पुस्तके त्या वाड्यात कोणी आणि का आणून ठेवली असतील? ज्याने आणली त्याने ती रुग्णासाठी आणली नव्हती. पण काहीतरी पाहून आणली असली पाहिजेत. आपल्या घरी कोणी असाच खिळून पडला, तर त्याच्या उशाशी ठेवण्याजोगे काय आहे? गतवर्षीच्या गाइडांचा गठ्ठा, लग्नात आलेली कोऱ्या वेष्टनातली दोन पुस्तके, आणि श्रीमंत होण्याचे सोपे उपाय सांगणारे, इंग्रजीवरून घाईने केलेले एक भाषांतर, ज्यावर अनुवादकाचे नावदेखील नाही.

"मग फादर, तुम्हीच एक यादी द्या," असे काही भाविक म्हणतात. हेतू चांगला आहे, पण आमचे उत्तर नाही असे आहे. एके काळी चर्च यादी देत असे. ती वाचू नये अशा पुस्तकांची होती. १५५९ साली निघालेली ती यादी १९६६ साली रद्द झाली. काय वाचावे याचा विवेक त्यानंतर श्रद्धावंताच्या सद्‌बुद्धीवर सोपवण्यात आला, आणि चार शतकांनी मिळालेली ही जबाबदारी पुन्हा धर्मगुरूच्या झोळीत टाकण्याची आपल्याला फार घाई झालेली दिसते. बिशपांचा 'इम्प्रिमातुर' पाहून पुस्तक घेणारेही आहेत. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की या पुस्तकात श्रद्धेला व नीतीला बाधक असे काही आढळले नाही. त्याची मराठी वाचवते की नाही, त्यात सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची हमी तो शिक्का देत नाही.

त्याऐवजी शंभर दाण्यांची परीक्षा घ्या. पहिले पान लेखक घासूनपुसून लिहितो, त्यावर फार विसंबू नका. मधलेच एखादे पान उघडा आणि दोन परिच्छेद उभ्याने, शक्य तर ओठ हलवून वाचा. भाषा अडखळते का? लेखकाला त्या विषयाची माणसे, गावे, कामे ठाऊक आहेत असे जाणवते का? अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव शोधा. ते नसेल तर पुस्तक खाली ठेवा. आवृत्तीचे साल पाहा. पाठीमागची स्तुती वाचू नका. आणि घरातल्या कोणत्या माणसासाठी हे पुस्तक आहे हे त्याचे नाव घेऊन सांगता येत नसेल, तर सवलत ऐंशी टक्के असली तरी घेऊ नका. असे केल्याने दोन मांडवांतून तुम्ही रिकाम्या हाताने परताल. त्याने काही बिघडत नाही.

येत्या सणाला मिस्सेनंतर चर्चच्या व्हरांड्यात आम्ही एक टेबल मांडणार आहोत. त्यावर ताराबाईंचे पुस्तक असेल, 'स्मृतिचित्रे' असतील, द्राग यांचे क्रिस्तपुराण असेल, मिळाले तर ना. घ. देशपांडे यांचा संग्रह असेल, आणि मुलांसाठी काही. ही यादी नव्हे. जे हाती लागेल ते. सवलत दिली जाणार नाही. पुस्तकांवर प्लास्टिकचे वेष्टन नसेल आणि शेजारी चार खुर्च्या असतील. हात पुसून यावे, बसावे, हवी तितकी पाने उलटावीत. बुंदीचे ताट मात्र टेबलापासून दूर ठेवावे, ही विनंती.